एका क्षणात सोळा रंग

मुलांनो, उन्हात पाऊस आला की आकाशात काय दिसते? बरोबर, इंद्रधनुष्य! 'ता-ना-पि-हि-नि-पा-जा' म्हणा, म्हणजे त्याचे सात रंग आठवतील : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. हे सारे रंग सूर्यप्रकाशातच असतात. इ. स. १६६६ च्या सुमारास न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या लोलकाने ते वेगळे करून पाहिले.

आता उसाची दोन पाने डोळ्यांसमोर आणा. एक निरोगी, दुसरे आजारी पडू लागलेले. आपल्याला दोन्ही हिरवीच दिसतात. पण निरोगी पान तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवते. आजार वाढला की तो कमी होतो.

साधा कॅमेरा तांबडा, हिरवा आणि निळा हे तीनच रंग टिपतो. अनेक रंग टिपणारे काही कॅमेरे एकेक ओळ टिपत पुढे जातात. तेवढ्यात वाऱ्याने पान हलले तर? चित्र बिघडते! म्हणून शास्त्रज्ञांनी सगळे रंग एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा तयार केला.

तो कसा असतो? चौकटीच्या वहीत ४ ओळींत ४-४ चौकोन घ्या. प्रत्येकात वेगळा रंग भरा. झाले १६ रंग! हीच नक्षी पानभर पुन्हा पुन्हा काढा. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याला संवेदक म्हणतात. त्यावर अशाच इवल्याशा गाळण्या बसवतात. प्रत्येक गाळणी एकच रंग आत सोडते. लोलक लागत नाही, म्हणून कॅमेरा लहान होतो. छोटे ड्रोन विमानही तो उचलून शेतावरून उडू शकते.

पण एक अडचण आहे. संवेदकावर १६०० चौकोन असले, तर प्रत्येक रंगाच्या वाट्याला १०० च येतात. मधल्या जागांचा रंग संगणक शेजारच्या चौकोनांवरून अंदाजाने भरतो. रंग वाढले की बारकावे कमी होतात. म्हणून कॅमेरा बनवणारा आधी विचारतो, "मला नेमके काय पाहायचे आहे?" मग तो लागतील तेवढेच रंग निवडतो.

शब्दार्थ
लोलक – प्रकाशातील रंग वेगळे करणारी तीन बाजूंची काच
बारकावे – लहानसहान गोष्टी

स्वाध्याय
१. हलणाऱ्या पानाचे चित्र का बिघडते?
२. १८०० चौकोन आणि ९ रंग असतील, तर प्रत्येक रंगाला किती चौकोन मिळतील?