राणी वसुंधरा : एक प्राचीन रहस्यकथा

रहस्यकथा ही विलायतेहून आलेली वस्तु आहे, असें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. त्यांनीं दंडीच्या 'दशकुमारचरित' या संस्कृत गद्यग्रंथाचा आठवा उच्छ्वास अवश्य पाहावा. 'विश्रुतचरित' नांवाच्या या कथेचें आपल्या वाशीमशीं नातेंही आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 सालीं उजेडांत आलेल्या ताम्रपटानें या शाखेची ओळख पटली. आणि पांचव्या शतकांतील हरिषेण राजानंतर हें राज्य कसें बुडालें याची आठवण दंडीनें येथें जपली असावी, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें.

विदर्भाचा राजा अनंतवर्मा गुणी होता, पण राजनीतीचा त्यास कंटाळा. शेजारच्या अश्मकाधिपतीनें हें हेरून आपल्या मंत्र्याचा पुत्र त्याच्याकडे धाडला. तो मृगया, द्यूत व मद्य यांची थोरवी राजास पटवूं लागला. (असे मित्र अद्यापि दुर्मिळ झालेले नाहींत.) मांडलिक फितले, राजा रणांत पडला.

खरी कथा येथून पुढें. वृद्ध मंत्री वसुरक्षित राणी वसुंधरा, तेरा वर्षांची मंजुवादिनी व लहानगा भास्करवर्मा यांस घेऊन निघाला, तो दाहज्वरानें वारला. माहिष्मतीस राजाच्या सावत्र भावानें, मित्रवर्म्यानें, आश्रय दिला. परंतु त्याची दृष्टि पापी. राणीनें झिडकारतांच तो मुलाच्या जिवावर उठला. आश्रयदाताच मारेकरी! राणीनें आक्रोश न करितां नालीजंघ या म्हाताऱ्या सेवकाच्या हातीं मूल सोंपविलें : कोठेंही ने, सुखरूप असलास म्हणजे निरोप धाड. मूल कोठें जाणार हें तिलाही ठाऊक नव्हतें. म्हणून तें तिच्याकडून कोणी काढूनही घेऊं शकत नव्हता. आमच्या मतें तिच्या बुद्धीची पहिली साक्ष ही.

विंध्यारण्यांत त्या तहानेल्या बालकास विश्रुत भेटला. त्यानें राणीस गुप्त बेत कळविला. मुलास वाघानें खाल्लें अशी हूल उठवावी, मित्रवर्म्यास वश झाल्याचें दाखवावें. मग वचनागाच्या पाण्यांत भिजविलेली माळ त्याच्या छातीवर मारावी आणि म्हणावें, मी पतिव्रता असेन तर हा तुला खड्गाचा घाव होवो. नंतर तीच माळ उताऱ्याच्या पाण्यांत बुडवून मुलीस द्यावी.

प्रत्यक्ष प्रसंग दंडी दाखवीत नाहीं. नगरवासीयांच्या तोंडून आपणांस कळतें कीं मित्रवर्मा मेला, मुलीस कांहीं झालें नाहीं, अर्थात् कपटाची शंकाच नको! लोक चमत्कार मानतात. रहस्य वाचकासच ठाऊक. विषप्रयोगाची व लोकांच्या श्रद्धेशीं खेळलेल्या या खेळाची भलामण आम्ही करीत नाहीं. तथापि बेत विश्रुताचा असला तरी हात राणीचा होता. उतारा फसता तर पोटची मुलगी तिच्या डोळ्यांदेखत गेली असती. ती माळ पुढें करितांना तिच्या मनांत काय चाललें असेल, यावर दंडीनें एक अक्षर लिहिलेलें नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो प्रसंग स्वतः लिहून पाहावा.

पुढें देवीच्या मंदिरांत बालक प्रकट होतो व मंजुवादिनीचा विश्रुताशीं विवाह होतो. अश्मकाधिपतीचा समाचार घेण्याची तयारी चालू असतांच मूळ ग्रंथ तुटतो. उरलेला भाग नंतर इतरांनीं जोडला.