काच संपते तिथे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाशतंतूंवर लेख लिहावा, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण चिखलदऱ्याकडच्या माणसाला हा विषय टाळता येत नाही. रास्त भाव दुकानात यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि ‘नेटवर्क’ येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचे. अडलेल्या बाळंतिणीसाठी १०८ला फोन करायचा, तर आधी टेकडी चढायची. मेळघाटात हे नवलाचे नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. तंतू येतो तो पंचायतीच्या कचेरीपर्यंत. आपल्याकडे तर एकेका पंचायतीची गावे डोंगराआड विखुरलेली. तिथवर जायला बिनतारी लहरींवाचून गत्यंतर नाही. असे हे दोन माध्यमांचे मिश्र जाळे, आणि त्याचे दुखणे बहुधा सांध्यात असते.

ते कसे? काचेच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल क्षीण होतो. म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक! बिनतारी लहर मात्र पसरत जाते. मोकळ्या हवेतही अंतर दुप्पट झाले की तिची शक्ती चौथाईवर येते. त्यात ५.८ गीगाहर्ट्झसारख्या आखूड लहरींच्या वाटेत सागाची ओली, सुपाएवढी पाने आली की संपलेच. उन्हाळ्यात पानगळीनंतर बरा चालणारा दुवा आषाढात का रुसतो, ते यावरून कळावे. अशा वेळी तंतूचा वेग वाढवून उपयोग काय? विहीर तुडुंब आहे, पोहरा लहान आहे.

माझ्या मते पहिली सुधारणा सांध्याच्या जागेची. कचेरी असते वस्तीत, पाण्याच्या आश्रयाने, बहुधा खोलगट भागात. तंतू तिथेच न थांबवता आणखी पाच किलोमीटर नेऊन टेकडीवर चढवला, तर प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा खर्ची पडतो. पण तिथून चार वस्त्या सरळ नजरेच्या टप्प्यात येतात. मधले थांबेही वाचतात. एकच रेडिओ आळीपाळीने ऐकतो आणि पुढे सांगतो, तेव्हा एका थांब्यानेच वेग निम्म्यावर येतो. थांबा टळतच नसेल, तर तिथे निराळ्या लहरींवरचे दोन रेडिओ हवेत.

दुसरी सुधारणा लहरींच्या निवडीची. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर भागात, खामलोली व आसपासच्या गावांत, दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी (४७० ते ५९० मेगाहर्ट्झ) वापरून पाहिल्या. पंचायतीपर्यंत काच आणि पुढे हवा, हीच त्यामागची कल्पना. लांब लहरी झाडीला तितक्या बुजत नाहीत. मात्र एका वाहिनीची रुंदी अवघी ८ मेगाहर्ट्झ. साऱ्या गावाने एकदम सिनेमे पाहावेत एवढी ती नव्हे.

घाटात दरड कोसळून तंतू तुटला, तर? व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात दुसरा चर खणायला सहजासहजी परवानगी मिळत नाही, आणि मिळूही नये. तेव्हा पठाराच्या कडेवरून खाली एक राखीव बिनतारी दुवा सोडून ठेवावा. तो चिंचोळाच असणार. म्हणून सांध्याशी रांग लागली की रेशनचा अंगठा आणि १०८ची हाक आधी सोडावी. सिनेमा मागून जाईल.