ओझोनचे छत्र आणि राष्ट्रांचे सहकार्य

घराचे छप्पर गळू लागले की पावसाळ्यापूर्वी आपण ते शाकारून घेतो. परंतु छप्पर साऱ्या जगाचे असेल तर ते कोणी शाकारायचे आणि खर्च कोणी सोसायचा? ओझोनच्या थराबाबत जगापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

ओझोन म्हणजे काय?

ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू म्हणजे ओझोन. जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर त्याचे प्रमाण अधिक असते. सूर्याचे घातक अतिनील किरण तो शोषून घेतो. हा थर विरळ झाला तर त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू वाढतात आणि पिकांचीही हानी होते.

संकट कसे आले?

फ्रीज, वातानुकूलन यंत्रे व फवाऱ्याचे डबे यांत क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू वापरले जात. ते पेटत नाहीत, म्हणून ते निर्धोक मानले गेले. १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखविले की, हे वायू खालच्या हवेत नष्ट न होता वर जातात; तेथे अतिनील किरणांमुळे त्यांतील क्लोरीन सुटते आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १९८५ साली फारमन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जाहीर केली.

तेथे तर कारखाना नाही, मग घट तेथेच का? ध्रुवीय हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत उंचावर बर्फाचे ढग बनतात. त्यांच्यावर क्लोरीन क्रियाशील होते आणि सप्टेंबरात ऊन परतताच ओझोनचा नाश सुरू होतो. वाढलेले अतिनील किरण समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना अपाय करतात. त्यांवर क्रिल जगतात आणि क्रिलवर पेंग्विन व देवमासे. या साखळीच्या रक्षणासाठी अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संवर्धनाचा करार १९८२ पासून अमलात आहे. त्याच करारातील राष्ट्रांनी २०१६ साली रॉस समुद्रात विशाल संरक्षित क्षेत्र ठरविले.

करार व न्याय

१९८५ साली व्हिएन्ना येथे ओझोनविषयक पहिला करार झाला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. पण भारत व चीन यांनी रास्त प्रश्न विचारला : हे वायू बहुतांशी श्रीमंत देशांनी वापरले, मग नव्या यंत्रांचा भुर्दंड गरिबांनी का सोसावा? उचल ज्याने अधिक केली त्याने भरणाही अधिक करावा, हा हिशेब आम्हा बँकेतील माणसांना चटकन पटतो. १९९० साली लंडन येथे तो जगालाही पटला. श्रीमंत देशांच्या वर्गणीतून बहुपक्षीय निधी उभारण्याचे ठरले. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत करारात होतीच. १९९२ साली भारत करारात सामील झाला.

आजची स्थिती

२००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी करार मान्य केला. पर्यायी म्हणून आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन वायू ओझोनला मारक नसले तरी पृथ्वीची उष्णता वाढवितात, म्हणून २०१६ साली किगाली येथे त्यांच्यावरही मर्यादा घालण्यात आली. अंटार्क्टिकावर दर वर्षी अजूनही छिद्र पडते. मात्र नियम पाळले गेले तर तेथील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा २०२३ चा अंदाज आहे. बिघाड करण्यास काही दशके पुरली; भरून काढण्यास त्याहून अधिक लागत आहेत.

आपण काय शिकावे?

शास्त्रज्ञांचा इशारा वेळीच ऐकावा. ओझे ऐपतीप्रमाणे व दोषाप्रमाणे वाटावे, म्हणजे दुर्बळही आपणहून खांदा देतो. आणि घरातील फ्रीज दुरुस्त करताना जुना वायू हवेत सोडू न देता काढून घेण्यास कारागिराला सांगावे. २०६६ साली आपल्यापैकी अनेकजण नसू. आजचे विद्यार्थी मात्र असतील. शाकारलेले छप्पर त्यांच्या हाती सोपविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.