कॉम्प्युटरवरची फाईल ब्रेलमध्ये कशी छापायची? डीटीपीवाल्यांसाठी धडा

समजा, एखादा हॉटेलवाला तुमच्याकडे आला आणि म्हणाला, "आमचं मेनूकार्ड ब्रेलमध्ये करून द्या." काम घ्यायचं का? घ्या, पण आधी हे चार टप्पे समजून घ्या.

१) फाईल युनिकोडमध्ये आणा. आपल्याकडची निम्मी कामं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. स्क्रीनवर 'कि' दिसतं, पण आत वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, तोही इंग्रजी चिन्हांच्या रूपात. ब्रेलचं सॉफ्टवेअर दिसणं बघत नाही, आतला कोड वाचतं. म्हणून कन्व्हर्टरने आधी युनिकोड करा आणि एकदा नजरेखालून घाला.

२) सॉफ्टवेअरने ब्रेल करा. डक्सबरी विकत मिळतं, लिबलुई फुकट आहे. दोन्हींत मराठी आहे. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. एका घरात सहा टिंबं, दोन रांगांत तीन-तीन. जोडाक्षरात हलंताची खूण अक्षराच्या आधी येते. म्हणजे 'शक्ती' हा शब्द श, हलंत, क, त, ई असा लिहिला जातो.

३) मांडणी सुटसुटीत करा. टेबल, चौकटी, लोगो काढून टाका. पदार्थ आणि भाव एकाच ओळीत ठेवा.

४) एम्बॉसरवर छापा. हा प्रिंटर शाई वापरत नाही, जाड कागदावर टिंबं उठवतो.

आता पैशाचं बोलू. ब्रेलचा फॉन्ट लहान करता येत नाही, बोटाला लागेल तेवढाच आकार ठेवावा लागतो. ११ बाय साडेअकरा इंची कागदावर साधारण ४० घरांच्या २५ ओळी, म्हणजे मोकळ्या जागा धरून १००० घरं. आपलं ए-फोरचं भरगच्च पान दोन-तीन ब्रेल पानं खातं. म्हणून कोटेशन ब्रेल पानांवर द्या, मूळ पानांवर दिलंत तर तोटा ठरलेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रूफ. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी चिन्हं नाहीत. आधी अंकाची खूण येते आणि मग अक्षरांचीच टिंबं. ती खूण सुटली तर १२० रुपयांचं 'अबज' होतं! मेनूत हसण्यावारी जाईल, पण औषधाच्या डोसात? डोळ्याने बघून ही चूक आपल्याला कळणार नाही. म्हणून ब्रेल वाचणाऱ्या अंध व्यक्तीकडूनच प्रूफ तपासून घ्या. त्यांची फी कोटेशनमध्ये आधीच धरा, हे काम उपकाराचं नाही, कौशल्याचं आहे.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडची एक जुनी फाईल युनिकोड करून बघा. किती ठिकाणी दुरुस्ती लागली ते मोजा. तेवढा वेळ तुमच्या दरात धरलाय का?