आऊट चाक की आऊट स्टँड?

घरी सायकलचं चाक बांधायला घेणारा माणूस चाक धरून फिरवायच्या स्टँडवर बराच विचार करतो, आणि तरी चूक तिथेच होते. स्टँडच्या मधोमध दिसणारी खूण म्हणजे चाकाचा खरा मध्य, असं तो धरून चालतो. रिम त्या खुणेवर आणतो, निपल आवळतो, चाक सायकलला लावतो, आणि रिम चिमट्यात एका बाजूला बसते. मग दोष स्पोकच्या लांबीला जातो, हबला जातो, कधी फ्रेमला. स्टँडवर संशय सगळ्यात शेवटी, कारण तो मोजणारा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की मध्य दाखवण्याच्या कामात स्टँडवर विश्वास ठेवायची गरजच नाही. तो थोडा वाकडा असला तरी चाक सरळ बांधता येतं, मात्र त्याचा वाकडेपणा प्रत्येक वेळी तेवढाच हवा. पैसे आणि मेहनत या एका गुणावर खर्च करावी, बाकी सगळं दुय्यम.

कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत हा विचार अधिक गरजेचा. एका बाजूला समुद्र, घर लहान, आणि मोठं अवजार कायमचं मांडून ठेवायला जागा नाही. इथे कुणी म्हणेल, की स्टँड हवाच कशाला? रस्त्यावरचा मिस्त्री सायकल उलटी करतो, चिमट्याच्या पायाला खडू टेकवतो, चाक फिरवतो, आणि जिथे खडूची रेघ उमटते तिथले स्पोक सैल-घट्ट करून आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढतो. ही पद्धत अस्सल आहे आणि तिला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण आऊट काढणं आणि चाक बांधणं ही दोन निराळी कामं आहेत. बांधलेल्या चाकात ताण आधीच बसलेला असतो, मिस्त्रीला फक्त एखादी जागा दुरुस्त करायची असते. कोरी रिम आणि कोरा हब घेऊन बसल्यावर मात्र चार गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात: डावी-उजवी आऊट, वरखाली आऊट, रिमचा मध्य, आणि सगळ्या स्पोकमधला ताण. एक सुधारताना दुसरी बिघडते, म्हणून चाक शंभरदा फिरवावं लागतं. हे काम उलट्या सायकलवर होतं, पण पाठ दुखते, उजेड नीट पडत नाही, आणि वरखाली आऊट पाहायला टेकूच नसतो.

वरखाली आऊटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण स्वस्त स्टँडमध्ये नेमकी तीच सोय कच्ची असते. आपली जुनी काळी सायकल आठवा: पुढे ३२ स्पोक, मागे ४०, लोखंडी रिम आणि सळईचा ब्रेक. अशा सायकली बनवणारा हिंद सायकल्सचा कारखाना मुंबईतच, वरळीला होता. त्या सायकलीच्या सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या कडेला लागत नाहीत. ते हबकडच्या, आतल्या पृष्ठभागावर वर खेचले जातात. म्हणजे त्या चाकाला डावी-उजवी थोडी आऊट चालून जाते, पण वरखाली आऊट असेल तर ब्रेक दर फेऱ्यात एकदा धरतो आणि एकदा सोडतो. मासळीची पाटी किंवा डब्यांचं ओझं लादलेल्या सायकलला ते धोक्याचं आहे. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलीत याच्या उलट अडचण येते. तिथे ब्रेक रिमला लागतच नाही, पण डिस्क स्टँडच्या बाहूला अडते. म्हणून स्टँड घेताना आपण कुठली चाकं बांधणार हे आधी ठरवावं. पुढच्या हबची रुंदी साधारणपणे १०० मिलिमीटर, मागच्या हबची जुन्या सायकलीत ११० च्या आसपास, गिअरच्या सायकलीत १३० किंवा १३५, आणि अलीकडच्या डोंगरी सायकलीत बहुधा १४८ असते. बाहू तेवढे उघडत नसतील तर बाकीचे गुण व्यर्थ.

आता मूळ मुद्दा, हिशोबासकट. ७०० सी रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे हबच्या मध्यापासून रिम ३११ मिलिमीटरवर. मागचा हब १३५ मिलिमीटर रुंद धरा. स्टँडची एक खाच दुसरीपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली असली, तर आस तेवढी कलते आणि चाकाच्या तळाशी रिम सुमारे १.१५ मिलिमीटर बाजूला सरकते. अर्ध्या मिलिमीटरची चूक दुपटीहून मोठी होऊन समोर येते. रंगाचा एक थर, वेल्डिंगचा एक थेंब किंवा खाचेत अडकलेला कण एवढ्यालाही ती घडते. या स्टँडच्या खुणेवर विसंबून बांधलेलं चाक कायमचं सरकलेलं राहील.

उपाय फुकटचा आहे. फीलर, म्हणजे स्टँडवरचा सरकता टेकू, रिमच्या एका बाजूला जेमतेम टेकेल असा लावा. मग चाक काढा, उलटं करा, म्हणजे आसेचं डावं टोक उजव्या खाचेत, आणि पुन्हा बसवा. फीलरला हात लावू नका. आता रिम पुन्हा तशीच टेकली, तर चाक मध्यावर आहे, स्टँड कितीही कललेला असो. फट दिसली, तर रिम फीलरकडे त्या फटीच्या निम्मी सरकवा. रिम फीलरवर दाबली गेली, तर उलट दिशेला निम्मी. कारण साधं आहे: स्टँडचा दोष दोन्ही वेळा एकाच दिशेला राहतो, चाकाचा दोष मात्र चाकाबरोबर उलटतो. वजाबाकीत स्टँड गळून पडतो आणि चाकाची चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणजे डोळ्यालाही सोपी. डिशिंग गेज नावाचं वेगळं अवजार हेच तत्त्व वापरतं. ते असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

यावर जाणकार विचारतील, की पार्क टूलच्या टीएस-२ सारख्या स्टँडचे दोन्ही बाहू एकत्र उघडतात-मिटतात आणि मध्य आपोआप सांभाळतात, ते काय उगाच? उगाच नाही. ज्या दुकानात दिवसभर चाकं येतात तिथे प्रत्येक चाक उलटण्याचा वेळ वाचतो, आणि तो वेळ म्हणजे पैसा. पण तो आपोआप मध्यही अधूनमधून तपासून जुळवावा लागतो, म्हणून तर त्या स्टँडसाठी जुळवणीचं गेज वेगळं मिळतं. वर्षाला दोन-चार चाकं बांधणाऱ्याला चाक उलटायला लागणारी दोन मिनिटं जड नाहीत.

दुसरा मोह डायल गेजचा. नागदेवी स्ट्रीटवर मोजमापाची अवजारं मिळतात, आणि शंभरावा भाग दाखवणारी सुई पाहिली की हात पुढे जातो. पण थोडा हिशोब करा. स्पोकच्या आट्या इंचाला ५६ असतात. निपलचा पूर्ण फेरा म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमीटर, पाव फेरा ०.११. हाताने आपण पाव फेऱ्याच्या आसपासच्या भाषेत काम करतो, शंभराव्या भागाच्या नाही. शिवाय रिमच्या जोडावर सुई हमखास उडते, आणि नवशिका तो जोडाचा उंचवटा स्पोकने काढायला जातो. तिथला ताण बिघडतो आणि चाक अशक्त होतं. रिम आणि फीलरमधल्या फटीतून येणारा उजेड, फीलर घासल्याचा बारीक आवाज, एवढं पुरेसं आहे. जॉब्स्ट ब्रँट यांच्या १९८१ च्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकाचा सारा भर स्पोकमधल्या ताणावर आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

मग पैसे कशाला द्यावेत? घट्टपणाला. दुकानात एक चाक मागून घ्या, स्टँडमध्ये बसवा, फीलर टेकवा, चाक काढा आणि त्याच बाजूने पाच वेळा पुन्हा बसवा. पाचही वेळा फीलर सारखा टेकला, तर स्टँड कामाचा. नंतर बाहूला अंगठ्याने हलकं ढकलून सोडा. तो पूर्वीच्या जागी परत यायला हवा. चाक दर वेळी एकाच बाहूला टेकवून, आस सायकलीत आवळतो तशी आवळून बसवा, कारण हबमधले कोन सैल असले तर छऱ्यांमधली हालचालच आऊट म्हणून दिसते. क्विक रिलीजच्या हबमध्ये ती हालचाल आवळल्यावरच जाते, म्हणून नुसत्या खाचेत ठेवून घेतलेलं माप फसवतं.

डळमळणारा स्टँड सुधारता येतो. पत्र्याचा पाया आणि रबरी पाय काढून टाका आणि बाहू जाड पायावर बोल्टने बसवा. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा दोन फूट बाय एक फूट तुकडा जवळजवळ दहा किलोचा भरतो, त्यापेक्षा चांगला पाया विकत मिळणार नाही. खालून बोल्ट, वरून विंग नट लावले की काम संपल्यावर स्टँड सुटतो, कडप्पा भिंतीला टेकतो आणि खोली मोकळी होते. दोन्ही बाहूंना खालच्या बाजूला जोडणारी एक आडवी पट्टी लावली तर डळमळ आणखी घटते. रॉजर मसन या चाक-कारागिराने लाकडी फळ्यांचा घरगुती स्टँड कसा करायचा ते आपल्या पुस्तकात दिलं आहे, आणि तो मार्गही प्रतिष्ठेचा आहे. फक्त आपल्या पावसात साधा एमडीएफ फुगतो आणि खाचांची जागा बदलते, म्हणजे स्टँडचा एकमेव हवा असलेला गुणच जातो. मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा रंगवून बंद करा.

खाऱ्या हवेचा हिशोब स्टँडच्या आणि चाकाच्या, दोन्हींच्या बाबतीत ठेवावा लागतो. फीलरचा स्क्रू गंजला की तो झटक्याने सरकतो आणि बारीक जुळवणी होत नाही. त्याच्या आट्यांत ग्रीस हवं, खाचा मात्र कोरड्या आणि पुसलेल्या. चाकाला स्टेनलेस स्पोक आणि पितळी निपल वापरा. ॲल्युमिनियमचे निपल हलके असले तरी स्टेनलेसशी जोडी जमवून समुद्राकाठी लवकर खराब होतात. निपल घालण्यापूर्वी आट्यांना तेल लावा. निपल अडखळला तर पाना फिरवताना स्पोकच पिळवटतो, स्टँडवर चाक सरळ दिसतं आणि रस्त्यावर पहिल्या फर्लांगात पीळ सुटून पुन्हा आऊट होतं. म्हणून पाना हवा त्यापेक्षा थोडा पुढे नेऊन तेवढाच मागे आणा, जवळजवळ समांतर असलेले स्पोक जोडीने मुठीत दाबा, आणि मग चाक पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी उलटून बघा.