राखण ही अमानत आहे

एका प्रसिद्ध हदीसमध्ये प्रत्येक माणसाला ‘राई’ म्हटले आहे. अरबीत राई म्हणजे कळप राखणारा. आपल्या स्वाधीन असलेल्यांविषयी प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, असा त्या शिकवणीचा आशय आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः मक्कावासीयांच्या शेळ्या-मेंढ्या अल्प मजुरीवर चारल्या होत्या. राखणीचा हा अर्थ आज इंग्लंडमधील एका सेवाकार्यात स्पष्ट दिसतो.

दक्षिण इंग्लंडच्या रेताड, निकस जमिनीवर ‘हीथ’ नावाची माळराने आहेत. जांभळ्या फुलांचे हेदर हे तेथील खुरटे झुडूप. माणसाने जंगल तोडले, गुरे चारली, सरपण नेले. त्यातून हजारो वर्षांत ही माळराने घडली. चराई थांबली की बर्च व पाइनची रोपे माजतात, सावली दाटते. मग उघड्या वाळूत अंडी घालणारे सरडे आणि जमिनीवर अंडी घालणारा रातवा पक्षी निराधार होतात. शेती, वृक्षलागवड, बांधकाम आणि ओस पडलेली चराई यांमुळे १८०० पासून तेथील सखल भागातील ८० टक्क्यांहून अधिक हीथ नाहीसे झाले.

म्हणून अनेक ठिकाणी मेंढ्या पुन्हा माळावर आणल्या आहेत. त्या गवत व कोवळी रोपे खातात. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक पाळीपाळीने रोज त्यांची पाहणी करतात: मेंढ्या मोजणे, लंगडणारी हेरणे, लोकरीखाली अळ्या पडल्या आहेत का हे पाहणे, पाणी व कुंपण तपासणे. पाठीवर उलटलेली मेंढी अनेकदा स्वतः उठू शकत नाही. कोणी वेळेवर पोहोचले नाही तर ती मरते. मेंढ्या फार झाल्या तर हेदरच संपते. म्हणून त्यांची संख्या आणि चराईचा काळही ठरवावा लागतो.

इस्लामी परंपरेला हा विचार नवा नाही. मदीनेजवळ ‘हिमा’, म्हणजे राखीव कुरणे, होती. तेथील व्यवस्थापकाला ह. उमर (रजि.) यांनी बजावले होते की थोडकी जनावरे असलेल्या गरिबांना आत येऊ द्यावे आणि धनिकांच्या कळपांना आवर घालावा.

यातून दोन गोष्टी ध्यानी घ्या. सृष्टीचा समतोल, मीजान, केवळ हात आखडून राखला जात नाही. त्यासाठी मापात काम करावे लागते. दुसरे, सेवा विनामोबदला आहे म्हणून जबाबदारी हलकी होत नाही. मशीद, मदरसा, वस्ती वा विहीर, जिथे आपण स्वेच्छेने पाळी स्वीकारली, तिथे ती चुकवणे म्हणजे अमानतीत कसूर होय. उलटलेली मेंढी राखणदाराला वेतन मिळते की नाही, हे विचारत नाही.