काळी खिडकी मुलांना वाचता यावी म्हणून

संगणकाला लेखी हुकूम कसा देतात हे चौथीच्या वर्गाला दाखवायला मी विंडोज १० मधला कमांड प्रॉम्प्ट वापरते. 'डीआयआर' लिहून मुलं आपल्या चित्रांच्या फाइलींची यादी काढतात.

एकदा हौसेने मी पडदा हिरवा आणि अक्षरं लाल केली. वर्ग खूश! फक्त एक मुलगा वहीत काहीच उतरवत नव्हता. दोनदा रागावले. मग तो हळूच म्हणाला, "बाई, तिथं कायच लिहिलेलं नाही की." दोन्ही रंग गडद, आणि लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नव्हता. पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. वर्गातला रंग मात्र त्याच तासाला बदलला.

रंग बदलणं सोपं आहे (इथे उच्चार देतेय, टाईप इंग्रजीतच करायचं). 'कलर' लिहून एक जागा सोडायची आणि दोन चिन्हं लिहायची. पहिलं पार्श्वभूमीचं, दुसरं अक्षरांचं. मी मुलांना चादरीची जमीन आणि तिच्यावरची नक्षी असं सांगते. जुळे सोलापुरात ते लगेच कळतं. ० काळा, १ निळा, २ हिरवा, ४ लाल, एफ पांढराशुभ्र. ० ते ९ आणि ए ते एफ मिळून १६ रंग. म्हणजे माझा घोळ 'कलर २४' हा होता! दोन्ही चिन्हं सारखी दिली तर काहीच बदलत नाही, आणि मुलं ते करून पाहतातच. नुसतं 'कलर' लिहिलं की खिडकी उघडतानाचे रंग परत येतात.

आता आम्ही 'कलर एफ०' ठेवतो. काळा पडदा रुबाबदार खरा, पण दुपारचं ऊन आत आलं की त्याचा आरसा होतो. मागच्या बाकावरच्यांना स्वतःचंच तोंड दिसतं.

रोज हे लिहायला नको म्हणून डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. पत्त्याच्या रकान्यात 'सीएमडी /के कलर एफ०'. '/के' म्हणजे हुकूम पाळ आणि खिडकी उघडी ठेव. चुकून '/सी' लिहिलं तर ती क्षणात मिटते. या शॉर्टकटने उघडलेल्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग फॉन्ट, आकार २८. तो त्या शॉर्टकटपुरता कायम राहतो.

उघडताच मराठीत 'नमस्कार' उमटावा अशी फार इच्छा होती, पण आमच्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोनच आले. सध्या रोमन अक्षरांत भागवतोय.

परवा त्या मुलाने 'कलर १ई' करून पाहिलं, निळ्यावर पिवळं. मला खुपतं, त्याला मात्र लांबून वाचता आलं. त्याच्या पाळीला आम्ही तेच ठेवतो.